आम्ही ओतून दिलेलं पाणी

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचे सेक्रेटरी एका रविवारी सकाळी लोणच्याची बरणी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. बरणीत लोणचं नव्हतं. गच्चीवरच्या टाकीच्या तळाचा खरवडून काढलेला तपकिरी, बुळबुळीत गोळा होता. म्हणाले, "मॅडम, तुम्ही ह्याच्यावरच काम करता म्हणे. मग टाका ना तुमचं औषध थेंबभर. सारखी टाकी धुवायची कटकट तरी जाईल." मी त्यांना चहा पाजला, बरणी चपलांच्या स्टँडवर ठेवायला लावली आणि सांगितलं, की माझं औषध टाकीत टाकायचं तर आधी उंदरांना पाजावं लागेल, मग तुमच्या मेंबरांना. ते घाईघाईने उठले. बरणी तिथेच राहिली. विसरले की मुद्दाम ठेवून गेले, कोण जाणे.

पण त्या बरणीत जे होतं, त्याच्याशीच मी सव्वीस वर्षं भांडले. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा खासगी प्रयोगशाळेत मी रेणू बनवायचे. दिवाळी अंकासाठी 'नोकरीतले गमतीदार अनुभव' लिहा, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी हो म्हणून बसले. लिहायला घेतल्यावर लक्षात आलं, की बरणीची गंमत सोडली तर सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती गमतीची नाही. तिचा धक्का अजून ओसरलेला नाही. गेल्या महिन्यात तर तो नव्याने बसला.

आधी काम काय ते सांगते. जिवाणू म्हणजे पाण्यात एकेकटे पोहणारे ठिपके, असं आपल्याला वाटतं. ते तसे थोडाच वेळ असतात. जागा मिळाली की टेकतात. दगड, पाइप, दात, माणसाच्या शरीरात घातलेली नळी, त्यांना काहीही चालतं. टेकले की शेजारी जमवतात, अंगातून चिकट द्रव सोडतात आणि त्या थराखाली संसार थाटतात. सकाळी दात घासण्याआधी जिभेला जो बुळबुळीतपणा लागतो, तो हाच. दातांवरचा ब्रशने निघतो. शरीराच्या आत नळीवर बसला तर तिथे ब्रश कोण घालणार? औषध द्यावं तर वरचे मरतात, थराच्या पोटातले राहतात आणि आठवड्याभरात पुन्हा घर उभं करतात.

हे घर कधी बांधायचं, ते जिवाणू आपसांत ठरवतात. प्रत्येक जण एक बारीकसा रेणू बाहेर सोडत असतो. आसपास तो पुरेसा साठला, की त्यांना कळतं, आपण पुरेसे जमलो, आता लागू कामाला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थक्क झाले होते. ज्यांना डोळे नाहीत, मेंदू नाही, ते संख्या पुरी होईपर्यंत थांबतात; आणि आमच्या सोसायटीच्या मीटिंगला कधी कोरम होत नाही.

आमचं काम म्हणजे त्या निरोपाच्या रेणूसारखा दिसणारा, पण निरोप न देणारा रेणू बनवायचा. खोपटच्या डेपोत एसटी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवतात, तसा. तो जाऊन निरोपाच्या जागेवर बसतो आणि खरा निरोप पोचू देत नाही. निरोप नाही, म्हणून थर नाही. यात जिवाणू मरत नाहीत, हे आमच्या कामाचं वैशिष्ट्य आणि आमचा अभिमानही. मारायला गेलं की ते औषधाला सरावतात. आम्ही त्यांना फक्त बसू देणार नव्हतो.

कागदावर मी रेणूची शेपटी कापायचे, एखादी कडी जोडायचे, ऑक्सिजन काढून तिथे नायट्रोजन बसवायचे. कागदावर पाच मिनिटं लागत, फ्लास्कमध्ये तेच करायला तीन आठवडे. बाहेरून बघणाऱ्याला वाटे, ही बाई महिनाभर राबून चमचाभर पांढरी पूड करते आणि मग टाकून देते. शहाऐंशी रेणू मी तसेच टाकून दिले.

रेणू मी करायचे, पण तो चालतो की नाही हे सांगायची सुमन. सुमन नाखवा, चेंदणी कोळीवाड्यातली. बारावी सायन्स झालेली. आमच्याकडे काचसामान धुवायला लागली आणि बघता बघता जिवाणू वाढवायला शिकली. डिग्री नव्हती म्हणून कागदोपत्री शेवटपर्यंत 'असिस्टंट'. हात मात्र असा, की तिने केलेला प्रयोग पुन्हा करून बघायची मला कधी गरज वाटली नाही. वयाने माझ्याच बरोबरीची. तरी मी तिला 'अगं सुमन' म्हणायचे आणि ती मला 'मॅडम'.

तिची चाचणी साधी होती. पारदर्शक प्लेटमध्ये करंगळीच्या नखाएवढ्या शहाण्णव वाट्या. प्रत्येक वाटीत जिवाणू आणि खाद्य, काहींत माझ्या रेणूचे थेंब. एक दिवस ठेवायचं. मग पाणी ओतून द्यायचं, वाट्या तीनदा विसळायच्या आणि जांभळा रंग घालायचा, तोंड आल्यावर लहानपणी लावायचे तोच. पुन्हा विसळायचं. वाटीच्या भिंतीवर थर असेल तर जांभळी कडा उरते, नसेल तर वाटी स्वच्छ. जगभर ही चाचणी अशीच करतात. सगळ्यांची नजर त्या जांभळ्या कडेवर. ओतून दिलेल्या पाण्याकडे कुणी बघत नाही, ते थेट ब्लीचच्या बादलीत जातं.

सुमनचे यजमान बाळाराम. खाडीत होडी घालायचे. एकदा धक्क्यावरून घसरले, पाठ होडीच्या काठावर आदळली आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून लघवीला कायमची नळी. त्या नळीत थर बसायचा, थरावर खडूसारखं कीट धरायचं आणि नळी तुंबायची. तुंबली की डोकं ठणकायचं, दरदरून घाम फुटायचा. मग उचलून रिक्षात घालायचं आणि हॉस्पिटल. दर आठ-दहा दिवसांनी हेच. त्यातून ताप, तापावर औषध, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त जालीम औषध.

आम्ही ज्या जिवाणूवर काम करत होतो, तो बाळारामांच्याच नळीतला होता. काढून टाकलेल्या नळीचा तुकडा सुमनने एकदा निर्जंतुक डबीत घालून आणलेला. तो जिवाणू इतका चिवट निघाला, की आम्ही विकतचे नमुने सोडून त्याच्याच मागे लागलो. फ्रीजमधल्या त्याच्या बाटल्यांवर 'बाळाराम' अशी चिठ्ठी होती. "आज बाळाराम नीट वाढले नाहीत," असं आम्ही बिनदिक्कत बोलायचो आणि सुमनही हसायची. आज ते आठवलं की लाज वाटते.

सत्त्याऐंशी नंबरच्या रेणूने पहिल्याच प्लेटमध्ये चमत्कार केला. शहाण्णव वाट्यांपैकी जिथे जिथे तो होता, तिथे जांभळ्या रंगाचा ठिपका नाही. मी सुमनला पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. मी तिला मिठी मारली, हातमोजे न काढता. आमच्या सरांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, पेढे मागवले.

"मॅडम, मग आमच्या ह्यांना कधी मिळेल?" तिने विचारलं.

"अगं, अजून उंदरांनाही दिलेलं नाही. उंदीर, मग निरोगी माणसं, मग आजारी माणसं, मग सरकारी कागद. आठ-दहा वर्षं धर."

"आठ-दहा? ह्यांच्याकडं एवढी नायत, मॅडम."

मग मी नको ते बोलले. "तशी ही पूड पाण्यात कालवून मी प्यायले ना, तरी मला काही होणार नाही. ही कुणाला मारतच नाही." चार लोक होते तिथे. सगळे हसले.

पुढच्या आठवड्यात मी सहज एक वेगळी चाचणी लावायला सांगितली. आधी चार दिवस थर बसू द्यायचा, मग सत्त्याऐंशी घालायचा. खरं तर तो थर बसू न देण्यासाठी केलेला; बसलेल्याला काही करेल अशी अपेक्षा नव्हती. दुसऱ्या दिवशी मी खुर्ची ओढून बसले आणि सुमन पाणी ओतायला लागली. ओतता ओतता थांबली.

"मॅडम, हे पाणी बगा ना. पेजेसारखं झालंय. पापुद्रे हायत त्यात. एवढं ओतून द्यायचं?"

"ओत गं. आपल्याला भिंत बघायचीय."

तिने ओतलं. विसळलं, रंग घातला. भिंती लख्ख. मी वहीत लिहिलं, 'जुना थरही नाहीसा'. नाहीसा! रसायनशास्त्रात पदवी घेतलेली बाई असा शब्द लिहिते. काहीही नाहीसं होत नसतं, हे मी शाळेत शिकलेले.

आमच्याकडे खंडेनवमीच्या आधीच्या शनिवारी यंत्रांची पूजा असायची, कारण नवमीला आणि दसऱ्याला अर्धे लोक रजेवर. तराजू, सेंट्रिफ्यूज, फ्यूम हूड, सगळ्यांना झेंडूच्या माळा. त्या वर्षी मीच कुलपातलं कपाट उघडलं, सत्त्याऐंशीची बाटली काढली आणि पूजेच्या ताम्हनात ठेवली. सुमनने तिला हळदकुंकू लावलं. नारळ फुटला, पेढे वाटले. टेंभी नाक्याच्या देवीच्या गर्दीने रस्ते अडायच्या आत सगळ्यांना घर गाठायचं होतं. दीडच्या सुमारास आम्ही पांगलो.

रविवारी दुपारी मी उपासाचे वरीचे तांदूळ निवडत बसले होते. फोन वाजला. सुमन.

"मॅडम, ह्यांना थंडी वाजून आलीय. दातावर दात आपटतायत. बोलत नायत. मी त्यातलं घातलं."

"कशातलं?"

"सत्त्याऐंशीतलं."

माझ्या हातातलं ताट खाली गेलं. वरी घरभर झाली. ती सांगत होती आणि मला एकेक शब्द लांबून आल्यासारखा ऐकू येत होता. नळी सकाळी तुंबली. नेहमीचे डॉक्टर रविवारी नव्हते. तिने सलाइनमध्ये चिमूटभर पूड विरघळवली आणि सिरिंजने नळीत सोडली. तासाभराने नळी भडभडून मोकळी झाली. तिने देवीला हात जोडले. बाळाराम कित्येक दिवसांनी हसले, चहा प्यायले. आणि दुपारी अंग थरथरायला लागलं.

"कुठे आहेस?"

"हॉस्पिटलात. खोपटला."

"डॉक्टरांना सांगितलंस, काय घातलं ते?"

"नाय. नोकरी जाईल ना, मॅडम."

"सुमन, आत्ताच्या आत्ता सांग. मी येते."

शीळफाट्याला गाडी अडकली. मी मागच्या सीटवर बसून मनातल्या मनात रेणू उलगडत होते, पुन्हा जुळवत होते. कुठली कडी विषारी? कुठली शेपटी? कशाने थंडी भरते? काहीच सापडेना. मी तो रेणू बनवला होता, त्याचा अणू न् अणू मला पाठ होता, आणि माणसाच्या पोटात तो काय करेल हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं काम करून इतकं अडाणी मला कधीच वाटलं नव्हतं.

हॉस्पिटल छोटं होतं. सुमन बाहेरच्या बाकावर, साडीचा पदर मुठीत आवळून. तिने सांगितलं नव्हतं. मी तिच्याकडे न बघता आत गेले. ड्यूटीवरची डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची. बाळारामांचा रक्तदाब खाली गेला होता, दोन्ही हातांना सलाइन लावलं होतं, डोळे अर्धवट उघडे.

"तुम्ही नातेवाईक?" डॉक्टरने विचारलं.

"नाही. ह्यांच्या नळीत आज सकाळी एक औषध घातलं गेलंय. ते मी बनवलंय."

ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे कुठल्या कंपनीचं?"

"कुठल्याच नाही. ते अजून औषध झालेलंच नाही."

तिने एक शिवी गिळली, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग ती खाली वाकली आणि पलंगाला अडकवलेली लघवीची पिशवी उजेडात धरली. "मग हे काय आहे ते तुम्हीच सांगा. मी असं कधी बघितलेलं नाही."

पिशवीत गढूळ पाणी होतं आणि त्यात पांढरे पापुद्रे तरंगत होते. नखाएवढे, काही त्याहून मोठे. नळीच्या आतून सोलून निघालेला थर.

आता जे लिहिते ते लिहायला जड जातंय. समोर माणूस मरायला टेकलेला आणि त्या क्षणी मला आनंद झाला. चाललं! वाटीत चालतं तसं माणसात चाललं. तो आनंद दोन सेकंद टिकला असेल. मग डॉक्टर बोलली.

"म्हणजे इतके दिवस नळीला चिकटून बसलेलं होतं, ते सगळं एकदम सुटलं," ती म्हणाली. "आणि सुटून गेलं कुठं? थोडं पिशवीत आलं. बाकीचं रक्तात."

पेजेसारखं पाणी. पापुद्रे. एवढं ओतून द्यायचं? सुमनने मला बोट धरून दाखवलेलं. वाटीतलं पाणी आम्ही बादलीत ओतून देत होतो, म्हणून वाटी स्वच्छ दिसत होती. बाळारामांच्या आतलं पाणी कोण ओतून देणार होतं? माझा रेणू खरंच कुणाला मारत नव्हता. थराखाली गुण्यागोविंदाने बसलेल्या लाखो जिवाणूंना त्याने जिवंत उठवलं होतं आणि एका आजारी माणसाच्या अंगात मोकळं सोडलं होतं.

डॉक्टरने माझ्यापुढे कागद सरकवला. "काय आहे ते लिहून द्या. कशात विरघळवलं, किती, सगळं." रेणूची रचना हे आमचं गुपित. नोकरीला लागताना मी तसं सही करून दिलेलं. मी केसपेपरच्या मागे पूर्ण रचना काढली, खाली नाव लिहिलं, सही केली. एवढी एक गोष्ट त्या दिवशी मी नीट केली.

"नळी बदललीय. अँटिबायोटिक सुरू केलंय," ती म्हणाली. "पण मागच्या वेळी ह्यांना हेच दिलेलं आणि लागू पडलं नव्हतं."

"या वेळी पडेल. आता ते उघड्यावर आलेत. अंगावर पांघरूण नाही त्यांच्या."

"खात्रीने सांगताय?"

"नाही," मी म्हणाले.

तीन दिवस बाळाराम शुद्धीवर नव्हते. त्या तीन दिवसांत सुमन माझ्याशी बोलली नाही आणि मी घरी जेवले नाही. चौथ्या दिवशी ताप उतरला. त्यांनी डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. दसरा कधी येऊन गेला ते कळलंही नव्हतं.

मधल्या सोमवारी मी प्रयोगशाळेत जाऊन एकटीने ती जुन्या थराची चाचणी पुन्हा लावली. सुमनचं काम पहिल्यांदाच माझ्या हाताने केलं, निम्म्या वाट्या सांडल्या. पाचव्या दिवशी पाणी या वेळी बादलीत न ओतता बाजूला ठेवलं. त्यातला एक थेंब खाद्य घातलेल्या बशीत टाकला. दुसऱ्या दिवशी बशी उघडली आणि लगेच झाकली. काठोकाठ वाढलेले. भिंत लख्ख आणि पाणी जिवाणूंनी ठासून भरलेलं, इतकी साधी गोष्ट. जांभळ्या कडेकडे बघायची इतकी सवय झालेली, की बादलीत काय चाललंय हे एवढी शिकलेली माणसं विसरलो होतो.

चौकशी सरांच्या केबिनमध्ये झाली. सर, ऑफिसची एक बाई, मी आणि समोर सुमन. सरांनी विचारलं, "कुणाला विचारून नेलंत?"

सुमनने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खाली मान घालून म्हणाली, "कुणाला नाय. माझ्या मनानं नेलं."

मला वाटलं, तिला माझ्यासमोर शरम वाटतेय. 'परवानगीशिवाय साहित्य नेले' म्हणून कामावरून काढल्याचं पत्र तयार झालं. त्यावर विभागप्रमुख म्हणून माझी सही लागत होती. मी केली. गुपित बाहेर दिल्याबद्दल सरांनी मला केबिनमध्ये बसवून भरपूर सुनावलं आणि नोकरीवर ठेवलं. माझ्यावाचून त्यांचं अडलं असतं. सुमनवाचून अडेल असं त्यांना वाटलं नाही, आणि तसं अडतं हे मीही सांगितलं नाही.

पुढे त्या ओतून दिलेल्या पाण्यानेच माझं नाव केलं. थर नुसता उठवायचा नाही, उठलेल्यांना गाठायला त्याच वेळी साधं अँटिबायोटिक तयार ठेवायचं, अशी जोडी बांधून आम्ही नवे रेणू आखले. उंदरांमध्ये ते चाललं. त्याचे शोधनिबंध झाले, पेटंट झालं. आता दुसरी कुणीतरी मोठी मंडळी त्यावर काम करताहेत आणि ते कधीतरी खऱ्या माणसांपर्यंत पोचेल अशी आशा आहे. भाषणांमध्ये मी म्हणायचे, "एके दिवशी आमच्या लक्षात आलं, की आपण पाण्याकडे बघतच नाही आहोत." टाळ्या पडायच्या. 'आमच्या' म्हणजे कुणाच्या, हे कुणी विचारलं नाही. मी निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ आणि एक भलंमोठं घड्याळ मिळालं.

हा लेख लिहायचा ठरल्यावर मी सुमनला फोन केला. ती हल्ली कळव्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते. गेल्या महिन्यात एका शनिवारी कोळीवाड्यात तिच्या घरी गेले. बाळाराम खिडकीशी पलंगावर, उशांना टेकून मांडीवरचं फाटकं जाळं विणत बसलेले. अंगाने खूप वाळलेत. नळी अजून आहेच. मला बघून म्हणाले, "या, औषधवाल्या बाई."

सुमनने चहा आणला. मी सरळच सांगितलं, "मी लिहिणार आहे. ते पाणी तू पहिल्यांदा बघितलंस, मी नाही, असं नाव घालून लिहिणार आहे. आधीच करायला हवं होतं."

"लिवा की," ती म्हणाली. कपबशी खाली ठेवली. "आणि चोरीचं काय लिवणार?"

"जे झालं ते. पण का नेलंस तेही लिहीन. लोक समजून घेतील."

"मॅडम, मी चोरून नेलं नव्हतं."

मला जरा रागच आला. "सुमन, विचारलं नव्हतंस ना?"

"इचारलं नव्हतं. पण लपवलं पण नव्हतं. पूजा झाली, मी नारळाची वाटी पिशवीत टाकली, त्याच्यासोबत बाटली टाकली. तुम्ही कपाटाशी उभ्या होतात, चावी घेऊन. माझ्याकडं बघितलंत. मी थांबले. म्हटलं, आता बोलतील, ठेव म्हणून. तुम्ही वळलात आणि कपाटाला कुलूप लावलंत."

"मग चौकशीत का नाही बोललीस?"

"बोलून काय झालं असतं? दोघींची गेली असती. मग पुढचं औषध कुणी केलं असतं? ह्यांना लागणार होतं ना ते."

मी 'तसं काही झालं नव्हतं' म्हणायला तोंड उघडलं. आणि मला आठवलं. तिथल्या तिथे, सगळं आठवलं. सुमनचा थांबलेला हात. पिशवीच्या तोंडाशी बाटलीचं कुंकू लागलेलं झाकण. कपाटातली बाटलीची रिकामी जागा, आणि तिच्याकडे बघत मी फिरवलेली चावी. इतकी वर्षं मी त्यावर असा काही थर चढू दिला होता, की खाली काय आहे ते मलाही दिसत नव्हतं. फोनवर मी 'कशातलं?' विचारलं, तेही उगाच. मला माहीत होतं.

मी दयेपोटी कानाडोळा केला, असं लिहिलं तर वाचणाऱ्यांना बरं वाटेल. मलाही वाटेल. पण दया असती, तर मी तिला थांबवलं असतं.

"बाळारामदादा," मी म्हणाले. "ती खरं बोलतेय. मी बघितलं होतं. वाट्यांत चालतं ते माणसात चालतं का, हे मला बघायचं होतं. म्हणून गप्प बसले."

सुमन कपबश्यांकडे बघत होती. बाळारामांचे जाळ्यावरचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही. खाडीचं पाणी किती चढलंय ते बघावं तसं, नीट, वेळ घेऊन.

"मग?" त्यांनी विचारलं. "दिसलं का?"

"दिसलं," मी म्हणाले.